टँकरचं वर्षाचं ठरवण्याआधी एकदा गच्चीवर या

आमच्या सोसायटीचे चेअरमनसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार, कमिटीतले सगळे मेंबर आणि तिन्ही विंगमधले माझे शेजारी, सगळ्यांना नमस्कार.

येत्या रविवारच्या मीटिंगचा अजेंडा लिफ्टच्या बाजूला लावलाय, तो मी दोनदा वाचला. दुसरा मुद्दा असा आहे की टँकरवाल्याशी वर्षभराचं ठरवून टाकायचं आणि त्यासाठी मेंटेनन्स वाढवायचा. मी बी विंगमध्ये सतरा वर्षं राहतेय, मीटिंगमध्ये मी फारशी बोलत नाही कारण तिथे तीन माणसं एकदम बोलतात आणि पाण्याचा विषय दहा मिनिटांत पार्किंगवर जाऊन पोचतो, म्हणून म्हटलं लिहूनच देऊ. आणि जाहीर लिहितेय कारण आपल्या मुलुंडमध्येच काय, भांडुपला, चेंबूरला, कांदिवलीला कितीतरी सोसायट्यांच्या नोटीस बोर्डवर या दिवसांत हाच मुद्दा असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की वर्षाचं ठरवू नका. दोन महिने लागेल तसा टँकर मागवा, आणि तेवढ्यात आपल्याच हातून जे पाणी वाया जातंय ते थांबवू. ते थांबल्यावर टँकर लागतो का ते बघू. मला वाटतं नाही लागणार, आणि का वाटतं ते सांगते.

मार्चमध्ये रोज पहाटे मला पाण्याच्या आवाजाने जाग यायची. साडेपाचच्या सुमाराला मागच्या बाजूला धो धो आवाज, पाऊस पडतोय असं वाटावं इतका. ओव्हरफ्लोचा पाइप जिथे खाली सोडलाय तिथून पाणी पडायचं आणि पेव्हर ब्लॉकवरून गटारात जायचं. एक दिवस, दोन दिवस, मग एका पहाटे मी आणि माझी मुलगी रंगाची २० लिटरची रिकामी बादली घेऊन गच्चीवर गेलो, तिने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि मी टाकीच्या ओव्हरफ्लोखाली बादली धरली. ९ सेकंदांत भरली. म्हटलं काहीतरी चुकलं, ओतून परत धरली, परत ९ सेकंद. म्हणजे मिनिटाला १३० लिटरच्या वर पाणी गटारात चाललं होतं, आणि त्या दिवशी पंप बंद व्हायला २२ मिनिटं लागली.

त्यानंतर १४ दिवस मी वहीत लिहून ठेवलं. वही मीटिंगला आणणार आहे, ज्यांना बघायची त्यांनी बघा. १४ पैकी ११ दिवस टाकी वाहिली, कधी १५ मिनिटं, कधी २५, सरासरी धरली तर २०. एका वेळचं अडीच हजार लिटरच्या वर जातं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा सरकारी हिशोब आहे, आंघोळ, कपडे, संडास, स्वयंपाक सगळं धरून, म्हणजे टाकी वाहते त्या प्रत्येक पहाटे आपण एकोणीस माणसांचं दिवसभराचं पाणी आपल्या मागच्या गटारात सोडतोय. ११ दिवसांचं मिळून झालं जवळजवळ २९ हजार लिटर, आणि हे फक्त बी विंगचं, बाकी दोन विंगच्या गच्चीवर मी गेले नाही. आणि त्याच पंधरवड्यात आपण टँकर किती मागवले? तीन, १० हजार लिटरचे. जेवढं विकत घेतलं जवळपास तेवढंच वरून सोडून दिलं. महापालिकेच्या पाण्याचा नुसता दर बघितला तर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत पडतं, टँकरला आपण साडेतीन हजार मोजतोय. खजिनदार काका, तुम्ही जमाखर्च इतका नीट ठेवता, हा हिशोब तुम्हीच मांडा ना मीटिंगमध्ये.

कृपा करून यात वॉचमनला दोष देऊ नका. मी त्याच्याशी बोलले. पहाटे तो एकटा असतो, दूधवाला, पेपरवाला, शाळेच्या बसेस, गेट उघड-बंद, आणि त्यातच तीन पंप चालू करायचे आणि अंदाजाने बंद करायचे. गच्चीवर टाकी किती भरली ते त्याला खाली बसून कसं कळणार? तो म्हणाला, मॅडम मी लवकर बंद केला तर आठ वाजता वरच्या मजल्यावरून फोन येतात पाणी गेलं म्हणून, आणि वाहून गेलं तर कुणीच ओरडत नाही. बरोबरच आहे त्याचं. टाकीत लेव्हलचा सेन्सर लावून पंप आपोआप बंद होणारा कंट्रोलर मिळतो, कितीतरी बिल्डिंगमध्ये आहे, मी आपल्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडून तिन्ही विंगचं मिळून कोटेशन घेतलंय आणि ते एका महिन्याच्या टँकरच्या बिलापेक्षा कमी आहे. कागद सेक्रेटरींच्या हातात दिलाय. खालच्या टाकीचा बॉलकॉक पण गेलाय, सप्लाय आला की तीही वाहते, तो तर एका दिवसाचं काम आहे.

आता थोडं वेगळं सांगते, पण विषय सोडून नाही.

माझं माहेर शहापूर तालुक्यात आहे. आसनगावला उतरायचं आणि पुढे जीपने. आपल्या नळाला जे पाणी येतं त्यातलं तानसाचं आणि भातसाचं पाणी त्याच तालुक्यातून येतं, तानसाचं तर १८९२ पासून येतंय, आणि भातसा एकटं मुंबईचं जवळपास निम्मं पाणी भागवतं. मुलुंडमधून तानसाची पाइपलाइन जाते, आपल्यातले कितीजण तिच्या बाजूने सकाळी चालायला जातात. त्या पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला माझी वहिनी राहते. एप्रिल लागला की तिथल्या कितीतरी गावापाड्यांत टँकर सुरू होतात. आमच्या पाड्यावर टँकर आला की पाणी विहिरीत सोडतात, ते खाली जाऊन गढूळ होतं आणि मग बायका काठावर उभ्या राहून पोहऱ्याने शेंदतात. सगळ्या एकदम पोहरे टाकतात म्हणून दोर एकमेकांत अडकतात. मागच्या मे महिन्यात मी गेले होते, मीही दोर धरला, आठ-दहा पोहऱ्यांत माझे तळवे सोलवटले आणि वहिनीने काही न बोलता दोर माझ्या हातातून घेतला. तिच्या तळहाताला बोटांच्या मुळाशी घट्टे पडलेत, चार एका ओळीत. दोन हंडे डोक्यावर, एक कळशी कमरेवर, असे तिचे सकाळी पाच फेरे होतात. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते आमच्याकडे म्हण म्हणून कुणी बोलत नाही, ती तिथली रोजची परिस्थिती आहे.

तिथून परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आपल्या कंपाउंडमध्ये पाइप लावून पेव्हर ब्लॉक धुवायचं काम चालू होतं. धूळ बसावी म्हणून. मला तिथे उभं राहवलं नाही.

कुणाला वाईट वाटावं म्हणून हे सांगत नाहीये. पण आपण धरून चालतो की पाणी मुंबईचं आहे आणि मुंबईकडे भरपूर आहे, म्हणून आकडे देते. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा, हे सातही तलाव काठोकाठ भरले तर १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी होतं, आणि शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर दिलं जातं. भागाकार केला तर एक वर्ष आणि वर थोडे दिवस. त्यात उन्हाने जे उडून जातं ते वेगळंच. म्हणजे आपल्याकडे पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवलेलं काहीच नसतं, दरवर्षी तलाव नव्याने भरावे लागतात आणि पाऊस पंधरा दिवस लांबला की कपात. २०२४ ला ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात लागली होती, आठवत असेल. आणि नवीन धरण बांधा म्हणणाऱ्यांना सांगते, मध्य वैतरणा २०१४ ला झालं तेच शेवटचं, गारगाईच्या धरणाची चर्चा वर्षानुवर्षं चाललीय आणि ते झालं तर जंगल बुडणार, गावं उठणार, पुन्हा आमच्यासारख्याच कुणाची तरी.

आता बागेकडे येते कारण त्यावरून मागच्या महिन्यात वाद झालाय आणि माळीकाकांना उगाच ऐकून घ्यावं लागलं.

पुढच्या लॉनला रोज दीड तास पाइप लावलेला असतो. त्या पाइपनेही मी बादली भरून बघितली, ७० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १७ लिटर, दीड तासाचे झाले दीड हजार लिटर. आणि पाणी कधी घालतात, तर साडेदहानंतर, कारण माळीकाका आधी दुसऱ्या दोन सोसायट्या करून येतात. एप्रिलच्या साडेदहाला सिमेंटच्या भिंतीलगत घातलेलं पाणी मुळापर्यंत किती जाणार आणि हवेत किती जाणार, हे सांगायला शेतकी कॉलेजात जायला नको. तरीही गवत पिवळंच आहे आणि पिवळं आहे म्हणून आणखी पाणी घाला असं त्यांना सांगितलं जातं. मी त्यांना विचारलं काका तुम्हाला काय वाटतं, तर ते म्हणाले, ताई मला कुणी विचारलंच नाही आजवर. हे गवत सावलीपाण्याचं आहे, इथे दिवसभर ऊन, हे कितीही पाणी द्या मेपर्यंत जाणारच. आणि पानं झाडून गोण्या भरून कचऱ्याच्या गाडीत टाकायला सांगतात, तीच तर झाडाची चादर आहे.

म्हणून आम्ही दोघांनी मिळून ए विंगच्या मागच्या वाफ्यात करून बघितलं, कमिटीला न विचारता केलं त्याबद्दल माफी मागते. बदाम आणि गुलमोहराची वाळलेली पानं, चार बोटं जाड थर, खोडाला चिकटू न देता थोडी जागा सोडून पसरली. पाणी संध्याकाळी, पाइपने नाही, झारीने, सरळ बुंध्याशी. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी पानं बाजूला करून मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत ओल होती, गार माती बोटाला लागली. शेजारच्या उघड्या वाफ्यात आदल्याच दिवशी पाणी घातलं होतं आणि तिथे वर भेगा पडल्या होत्या, बोट आत जाईना. आता त्या मागच्या वाफ्याला आम्ही तिसऱ्या दिवशी पाणी घालतो आणि जास्वंदीला कळ्या आल्यात, जाऊन बघा. बोगनवेलीला तर आपण रोज पाणी घालून तिचं नुकसानच करत होतो, तिला जरा ताण बसला की फुलं जास्त येतात, नुसतं पाणी दिलं की पानंच वाढतात.

लॉन पूर्ण काढा असं मी म्हणत नाही, मुलं खेळतात तो मधला तुकडा राहू दे. भिंतीकडेच्या पट्ट्यात तगर, अडुळसा, कोरफड, गवती चहा, लिली लावू, हे सगळं आपल्या हवेतलं आहे, एकदा रुजलं की कमी पाण्यावर तगतं. आणि गॅलरीतल्या कुंड्यांसाठी कुणी खाली येऊन पाइप मागू नये. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना पुरतं, मी गेली आठ वर्षं माझ्या बारा कुंड्यांना वेगळं पाणी घातलेलं नाही. एसीचं पाणी पण असंच. आपल्या दमट हवेत एसीच्या पाइपखाली रात्रभर बादली ठेवली तर माझ्याकडे सात-आठ लिटर जमतं, लादी पुसायला, झाडांना चांगलं, फक्त प्यायला वापरू नका. आज ते सगळ्यांच्या खिडकीतून टपटपत खालच्या मजल्याच्या पत्र्यावर पडतं आणि त्यावरून भांडणं होतात. माझ्या आईच्या घरी न्हाणीचं पाणी सरळ मागच्या अळवाला आणि केळीला जायचं, त्याला पाणी वाचवणं वगैरे नाव नव्हतं, तशीच मोरी बांधलेली असायची.

घरातल्या गोष्टींवर मी जास्त लिहीत नाही, आंघोळ बादलीने करा, दाढी करताना नळ बंद ठेवा हे सगळ्यांना शाळेपासून माहितीये. जे सहसा लक्षात येत नाही तेवढंच सांगते.

एक म्हणजे फ्लश. टाकीतला व्हॉल्व्ह खराब झाला की पाणी बारीक धारेने कमोडमध्ये जात राहतं, आवाजही येत नाही आणि दिसतही नाही. बीट किसून त्याचं पाणी नाहीतर खायचा रंग फ्लशच्या टाकीत टाका, अर्धा तास फ्लश करू नका आणि मग कमोडमध्ये बघा. रंग खाली उतरला असेल तर गळतंय. आमच्याकडे उतरला होता! दोन वर्षं कुणाला पत्ता नव्हता. जुन्या फ्लशच्या टाक्या एका वेळेला १० लिटर तरी सोडतात, त्यात पाणी भरून झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली उभी ठेवली तर दर वेळी एक लिटर वाचतं, बदलायचीच असेल तर दोन बटणांची घ्या, लहान बटणाला ३ लिटरच जातं.

दुसरं नळाची गळती. आमच्या किचनचा नळ ठिबकत होता, लिटरचं माप खाली ठेवलं, ४० मिनिटांत भरलं, म्हणजे दिवसाला ३६ लिटर. वॉशर बदलायला प्लंबरला पाच मिनिटं लागली पण तो यायला अकरा दिवस लागले कारण एका वॉशरसाठी कोण येतो. आपल्याकडे ८४ फ्लॅट आणि पाण्याचं मीटर एकच, बिल सगळ्यांत सारखं वाटलं जातं, त्यामुळे कुणाच्या घरी किती गळतंय ते कुणालाच कळत नाही आणि कुणाच्याच खिशाला लागत नाही. आतली गळती ज्याची त्याने बघायची असा नियम आहे हे मला माहितीये. तरी माझी विनंती आहे की सोसायटीने दोन दिवस एक प्लंबर ठरवावा, त्याने ८४ घरं करावीत, वॉशर, फ्लशचे व्हॉल्व्ह, नळाला जाळी, सामानाचे पैसे ज्याचे त्याने द्यावे, मजुरी सोसायटीने. जे आजीआजोबा एकटे राहतात त्यांचं काम तर आपसूक होऊन जाईल, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गळक्या नळाखाली पातेलं ठेवून रात्री दोनदा उठून रिकामं करतात, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा कळलं.

तिसरं आरओ. हे जरा नीट वाचा. आरओ एक लिटर प्यायचं पाणी देतो आणि दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, तो बारीक पाइप सिंकमध्ये असतो म्हणून आपलं लक्ष जात नाही. खारं किंवा जड पाणी असेल तिथे आरओ हवाच. पण आपलं पाणी तलावाचं, गोडं. मी मीटर आणून मोजलं, नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ६८ आला. पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत चालतो असं भारतीय मानकात आहे आणि ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरू नये असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं. म्हणजे ज्या पाण्यासाठी डोंगरापलीकडून पाइपलाइन टाकली ते आपण घरात आणून त्यातलं दोन-तृतीयांश मोरीत ओततोय, गरज नसताना. साधा यूव्हीवाला फिल्टर पुरतो, पाणी उकळून घेतलं तरी चालतं. मात्र ज्या दिवशी टँकर येतो त्या दिवशी मोजलं तर आकडा ३०० च्या पुढे गेला, कारण ते बोअरचं पाणी मिसळतं. टँकर थांबवायचं हेही एक कारण. ज्यांना आरओ काढायचा नाही त्यांनी तो बारीक पाइप निदान बादलीत सोडावा, लादी पुसायला, संडासात टाकायला ते पाणी चालतं.

आता पावसाचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मागे एकदा मी रेन वॉटर हार्वेस्टिंगचा विषय काढला होता तेव्हा असं उत्तर मिळालं की पावसाळ्यात पाण्याला कुठे तोटा असतो, आणि उन्हाळ्यात पाऊस कुठे असतो. ऐकायला बरोबर वाटतं पण २०२४ चा जुलै आठवा. ८ जुलैच्या पहाटे सहा तासांत मुंबईच्या काही भागांत ३०० मिलीमीटर पाऊस झाला, रुळांवर पाणी, लोकल बंद, शाळांना सुट्टी, आणि त्या दिवशीही १० टक्के पाणीकपात चालूच होती! ती उठली २९ जुलैला. कारण शहरात पडलेला पाऊस भातसात जात नाही, तलाव तिकडे पाऊस पडल्यावर भरतात आणि जूनमध्ये ते अगदी तळाला गेलेले असतात. म्हणजे वर्षातले जे दिवस सगळ्यात टंचाईचे, बरोबर त्याच दिवसांत आपल्या गच्चीवर आभाळ फाटत असतं आणि आपण ते पाणी पन्हाळीने गटारात सोडून तेच गटार तुंबलं म्हणून गेटपाशी गुडघाभर पाण्यातून चालतो.

हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बी विंगची गच्ची साधारण ३५० चौरस मीटर. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर सरासरी २,३०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस होतो. थोडं उडून जाईल, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यायचं, सगळं वजा केलं तरी एका विंगच्या गच्चीवरून सहा लाख लिटर मिळतं. साठ टँकर. सगळं साठवता येणार नाही हे मलाही कळतं, तेवढी जागा नाही. पण दोन पन्हाळ्या एका ५ हजार लिटरच्या बंद टाकीत सोडल्या तर चार महिने कंपाउंड, गाड्या, जिने, वॉचमनचा संडास यातल्या कशालाच नळाचं पाणी लागणार नाही, आणि टाकी भरल्यावर वरचं पाणी मागच्या विहिरीत सोडू. हो, सी विंगच्या मागे स्लॅब टाकून बंद केलेली विहीर आहे, जुन्या लोकांना माहितीये, आपल्या मुलांना माहीत नाही. मुंबई आधी विहिरींवरच जगत होती, चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ पासून आहे, समुद्र एवढा जवळ असून पाणी गोडं. आपली विहीर उघडून गाळ काढून जाणकाराला दाखवायला काय हरकत आहे? वाळू, खडी आणि कोळशाच्या थरातून गाळून पाणी आत सोडायचं, तोंडावर बारीक जाळी आणि घट्ट झाकण म्हणजे डासांचा प्रश्न नको. नवीन मोठ्या बिल्डिंगांना हे २००२ पासून सक्तीचं आहे, आपली १९९१ ची म्हणून आपल्याला कुणी विचारलं नाही एवढंच.

काहीजण म्हणतील की रस्त्यावर पाइपलाइन फुटून लाखो लिटर जातं, चोऱ्या होतात, तिथे काही होत नाही आणि आपण बादल्या मोजत बसायचं का. त्यांचा राग मला पटतो, फुटलेली लाइन दिसली की मीही तक्रार करते आणि पुढेही करणार. पण तो व्हॉल्व्ह आपल्या हातात नाही, गच्चीवरचा आहे. आणि टँकरवर विसंबून राहिलो तर काय होतं तेही २०२५ च्या एप्रिलमध्ये बघितलंय, टँकरवाल्यांचा संप झाला तेव्हा कितीतरी सोसायट्यांची अक्षरशः धावपळ झाली होती.

तर रविवारी माझं मागणं असं आहे. टँकरचा वर्षाचा करार नको. पंपाचे कंट्रोलर आणि खालचा बॉलकॉक या महिन्यात व्हावेत. प्लंबरचे दोन दिवस ठरवा. पेव्हर ब्लॉक झाडूने झाडायचे, पाइपने धुवायचे नाहीत, गाड्या बादली-फडक्याने. माळीकाकांची वेळ संध्याकाळची करा आणि त्यासाठी त्यांना एक फेरा जास्त पडतो त्याचे पैसे वाढवून द्या, टँकरच्या पैशांतून ते सहज निघतील. आणि पन्हाळीचं काम ७ जूनच्या आत व्हायला हवं, मृगाचा पाऊस आपल्या मीटिंगसाठी थांबणार नाही.

मीटिंग दहाला आहे. त्याआधी पहाटे सव्वापाचला मी बी विंगच्या गच्चीवर असणार आहे, रंगाची तीच बादली आणि स्टॉपवॉच घेऊन. चेअरमनसाहेब, तुम्ही या, वहिनींनाही आणा. ए आणि सी विंगवाल्यांनी आपापल्या गच्चीवर एकेक बादली घेऊन उभं राहिलात तर एकाच सकाळी तिन्ही टाक्यांचं मोजून होईल आणि दहा वाजता आपण सगळे एकच आकडा घेऊन बसू. कोण येणार त्याची यादी वॉचमनच्या टेबलावर ठेवलीय, पेन दोऱ्याने बांधून. काल रात्रीपर्यंत चौदा नावं झाली होती, त्यातलं पहिलं माळीकाकांचं आहे.

तुमची शेजारीण,
बी विंग, मुलुंड